पेढी, पतसंस्था, गोदाम, कारखाना: नेटवर्कची मांडणी कशी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड या पट्ट्यात बरीच वर्षं नेटवर्कच्या वायरी ओढतोय. मार्केट यार्डातले पेढीवाले, पतसंस्थेचे मॅनेजर, कारखान्यातले सुपरवायझर आणि डिप्लोमाची पोरं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तरं देता देता चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

टोपोलॉजी म्हणजे नेमकं काय? वायरिंगच ना?

जवळपास. कोणतं यंत्र कोणाला जोडलंय याची मांडणी म्हणजे टोपोलॉजी. वायर केसिंग पट्टीतून गेली की छताच्या वरून, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मात्र तिची दोन रूपं असतात: वायर प्रत्यक्ष कशी गेलीय ते एक, आणि माहिती कशी फिरते ते दुसरं. जुना हब आठवा. सगळ्या वायरी मधल्या डब्यात यायच्या, म्हणजे दिसायला स्टार. पण एका कॉम्प्युटरने काही पाठवलं की हब ते सगळ्यांना ऐकवायचा आणि एका वेळी एकालाच बोलता यायचं, म्हणजे वागायला बस, सगळ्यांची मिळून एकच सामाईक लाइन. तोंडी परीक्षेला जाणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

गिऱ्हाइकाला मी व्याख्या सांगत बसत नाही. कागदावर चार चौकोन काढतो, रेघा जोडतो आणि एका रेघेवर फुली मारून विचारतो, "ही तुटली तर कोणाकोणाचं काम थांबणार?" खालची बहुतेक उत्तरं या फुलीचीच आहेत.

परीक्षेत टोपोलॉजीचे प्रकार किती लिहायचे, पाच की सात?

बस, स्टार, रिंग, मेश, ट्री हे पाच सगळीकडे असतात. कोणी पॉइंट-टू-पॉइंट (दोनच यंत्रं थेट जोडलेली) आणि हायब्रिड (दोन-तीन प्रकारांची भेसळ) धरून सात करतात. तुमच्या पुस्तकात जेवढे आहेत तेवढे लिहा. बाहेर कामाला लागलात की शुद्ध जातीचा प्रकार क्वचितच भेटेल.

बस टोपोलॉजी आता इतिहासजमा झाली का?

ऑफिसातून गेली, कारखान्यातून नाही.

आधी ऑफिसचं सांगतो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ती उभी केली, तीच मुळी एका लांब कोअ‍ॅक्सियल केबलवर. पुढे तिचं स्वस्त रूप आलं, '१०बेस२'. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी काळी वायर, प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे टी आकाराचा बीएनसी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एका तुकड्याची लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या, वेग १० एमबीपीएस आणि तोही सगळ्यांत वाटून. टोकाचा टर्मिनेटर निघाला की सिग्नल तिथे आपटून माघारी यायचा आणि अख्खी लाइन आडवी व्हायची. झाडताना कोणाचा पाय लागून एक टी ढिला झाला, की कोपऱ्यातल्या टेबलापासून एकेक टी हलवत गुडघ्यांवर रांगायचं. फुली कुठेही मारा, उत्तर एकच यायचं: सगळे थांबणार.

आता कुपवाड एमआयडीसीतल्या कोणत्याही पॅनेलचं दार उघडा. विजेचे डिजिटल मीटर, तापमानाचे कंट्रोलर, मोटरचे ड्राइव्ह यांच्या पाठीमागून दोन वायरींची पिळलेली जोडी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेली दिसेल. ती आरएस-४८५, म्हणजे बसच. वेग कमी ठेवला तर ती १२०० मीटरपर्यंत जाते, मूळ मानकाप्रमाणे ३२ यंत्रं घेते, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर मागते. इथे आमचे वायरमन बंधू एक चूक हमखास करतात. लाइटच्या कामाची सवय असते, म्हणून सगळ्या मीटरच्या वायरी एका जागी आणून पिळतात. बसचा स्टार होतो. दिवसा चारपैकी तीन मीटर वाचले जातात, मोटर सुरू झाली की दोनच, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या माथी. एका मीटरमध्ये येऊन त्याच मीटरमधून पुढे जायचं, मध्ये फाटे फोडायचे नाहीत. एवढं पाळलं तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

तुमच्या दारातल्या चारचाकीतही आतल्या यंत्रांना जोडणारी अशीच एक बस असते, तिला कॅन बस म्हणतात. तिच्याही दोन टोकांना १२० ओहम.

पेढीत पाच-सहा कॉम्प्युटर आहेत. कोणती मांडणी करू?

स्टार. यावर मी वाद घालत नाही.

मिरज जंक्शन डोळ्यांपुढे आणा. पुण्याची लाइन, कोल्हापूरची, बेळगावची, पंढरपूरची, सगळ्या तिथे येतात. कोल्हापुराहून पंढरपूरला जायचं तर मिरजेवरूनच. पंढरपूरच्या लाइनवर काही अडलं तर पुण्याची गाडी थांबत नाही. मिरजेच्या यार्डातच घोळ झाला तर मात्र चारी दिशा अडकतात. स्टारचं बळ आणि दुबळेपण दोन्ही यात आलं. मिरजेच्या जागी स्विच ठेवा, म्हणजे हबसारखाच मधला डबा, पण निरोप ज्याचा त्यालाच पोचवणारा.

म्हणून प्रत्येक टेबलाची वायर थेट स्विचपर्यंत अखंड न्यायची, मध्ये जॉइंट नाही. दिवाणजींच्या टेबलाला एक वायर लागत असेल तर दोन टाका; वायर स्वस्त असते, पुन्हा भिंत फोडणं महाग. सहा यंत्रं असतील तर आठ पोर्टचा, म्हणजे वायर घालायच्या आठ भोकांचा, स्विच घेऊ नका, सोळाचा घ्या, कारण प्रिंटर, कॅमेरा आणि मुलाचा लॅपटॉप मोजायचे राहिलेलेच असतात. स्विच यूपीएसवर. आणि कपाटात दुसरा एक साधा स्विच ठेवा. हळदीचे सौदे सुरू असताना सकाळी स्विच गेला, तर दुकान उघडेपर्यंत वाट बघण्यापेक्षा दिवाणजी स्वतः दहा मिनिटांत वायरी बदलतात.

हब अजून चालेल का? माळ्यावर एक पडलाय.

पडू द्या.

स्विचला स्विच, त्याला पुढे आणखी स्विच असं जोडलं तर?

चालतं, आणि चालतं म्हणूनच लोक करत सुटतात. पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, गरज पडेल तसा एक छोटा स्विच. याला डेझी चेन म्हणतात, मी आगगाडी म्हणतो. तिसऱ्या खोलीतल्या स्विचचा अ‍ॅडाप्टर कोणी मोबाइल चार्ज करायला काढला की चौथी, पाचवी, सहावी खोली अंधारात. शिवाय सहाव्या खोलीची सगळी ये-जा पहिल्या स्विचच्या एकाच वायरीतून होते.

त्याऐवजी झाड करा. एक मुख्य स्विच, त्यातून प्रत्येक मजल्याला थेट एक वायर, आणि मजल्यावरच्या स्विचमधून टेबलांना. हीच ट्री टोपोलॉजी. खोडापासून पानापर्यंत दोन टप्पे, फार तर तीन. स्पॅनिंग ट्री नावाच्या पद्धतीच्या (ती खाली लूपच्या प्रश्नात येईल) जुन्या मानकात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्विचची शिफारस होती, पण ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. फुली फांदीवर पडली तर एक मजला थांबतो. खोडावर पडली तर सगळे, म्हणून मुख्य स्विचला पैसे घाला आणि फांद्यांना काटकसर करा. लोक नेमकं उलट करतात.

नेट बंद, आणि स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत. काय झालं?

लूप, म्हणजे वायरींचं वर्तुळ. बहुधा एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेलीत, किंवा दोन स्विच दोन वायरींनी जोडले गेलेत.

माझा पहिला लूप दिवाळीच्या साफसफाईतला. एका ऑफिसात अकराला सगळं ठप्प झालं. मी राउटर बदलला, सर्व्हर बंद-चालू केला, नेटवाल्याला फोनवर चार शब्द सुनावले. चारच्या सुमाराला, काहीच सुचेना म्हणून, स्विचमधली एकेक वायर काढत गेलो. अकरावी काढली आणि दिवे शांत झाले. सकाळी झाडताना एक सुटं टोक लोंबकळताना दिसलं होतं, आणि त्या मुलाने ते नीटनेटकं दिसावं म्हणून समोरच्या रिकाम्या भोकात घालून टाकलं होतं. त्याची काही चूक नाही. ते टोक लोंबकळत ठेवलं होतं मी.

आतमध्ये होतं काय, तर काही निरोप 'सगळ्यांना द्या' असे असतात. स्विच ते प्रत्येक पोर्टमधून पुढे ढकलतो. वर्तुळ तयार झालं की तोच निरोप फिरून परत येतो, पुन्हा ढकलला जातो, आणि या निरोपांना वयोमर्यादा नसते. काही सेकंदांत सगळी वायर त्यांनीच भरून जाते.

यावरचा इलाज १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी डीईसी कंपनीत असताना शोधला, स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांशी बोलून एकाला मूळ ठरवतात आणि वर्तुळ करणारी जोडणी झोपवून ठेवतात. चालू जोडणी तुटली की झोपलेली जागी होते. जुन्या पद्धतीत जागं व्हायला ३० ते ५० सेकंद लागायचे, २००१ च्या सुधारित रूपात बहुतेक वेळा एक-दोन सेकंद. मात्र पेढीत असतात त्या साध्या स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा, स्विच घ्यावा का, या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर म्हणूनच लूप हे असतं, वेग नंतर.

मग रिंगमध्ये तर मुद्दामच वर्तुळ करतात. ते कसं चालतं?

चांगला प्रश्न, विचारणारे फार थोडे. १९८५ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या टोकन रिंगमध्ये एक टोकन फिरायचं. ग्रामसभेतल्या माइकसारखं: हातात आहे तोवर बोला, पुढच्याला दिला की गप्प बसा. वेग ४ एमबीपीएस, नंतर १६. त्यातही वायरी मधल्या एका डब्यातच यायच्या, म्हणजे दिसायला पुन्हा स्टार. इथरनेट स्वस्त होत गेलं तशी टोकन रिंग मागे पडली.

आजची रिंग फायबरची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेची. मोठ्या कारखान्याच्या आवारात, शहरातल्या चौकाचौकांच्या कॅमेऱ्यांना ती करतात. वर्तुळातली एक जोडणी मुद्दाम बंद ठेवलेली असते, त्यामुळे लूप होत नाही. जेसीबीने कुठे फायबर उचकटली की बंद जोडणी उघडते आणि माहिती उलट्या बाजूने फिरते. जी.८०३२ नावाच्या मानकात हे ५० मिलिसेकंदांच्या आत होतं.

एक गोष्ट कागदावर दिसत नाही. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या असतील तर ती रिंग नव्हेच. जेसीबीला आत एक फायबर आहे की दोन, याच्याशी कर्तव्य नसतं. एका बाजूने रस्ता, दुसऱ्या बाजूने कंपाउंडची भिंत, असे वेगळे मार्ग असतील तरच खर्च करा.

पतसंस्थेच्या दहा शाखा आहेत. सगळ्या एकमेकांना जोडायच्या का?

म्हणजे पूर्ण मेश. हिशोब करा: शाखा गुणिले एकने कमी शाखा, भागिले दोन. पाच शाखांना १० जोडण्या, दहांना ४५, वीसांना १९०. शाखा दुप्पट झाल्या की जोडण्या चौपटीच्याही वर.

१९६४ मध्ये अमेरिकेच्या रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी नेमका हाच विचार केला होता, हल्ला झाला तरी टिकणाऱ्या जाळ्यासाठी. त्यांच्या हिशोबात प्रत्येक ठिकाणाला तीन-चार वाटा असल्या तरी जाळं पुरेसं चिवट होतं. सगळ्यांना सगळ्यांशी बांधायची गरज नव्हती.

तुमच्या तासगाव शाखेला विट्याच्या शाखेशी थेट बोलायचंच नसतं. दोघींना हवा असतो मुख्य शाखेतला सर्व्हर. म्हणून प्रत्येक शाखेतून मुख्य शाखेपर्यंत व्हीपीएन (इंटरनेटमधूनच जाणारी खासगी, कुलूपबंद वाट), म्हणजे लांब हातांचा स्टारच, आणि मुख्य शाखेला दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन. दोन्ही लाइन एकाच खांबावरून येत नाहीत ना, एवढं उठून बाहेर जाऊन बघा. सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर मध्यबिंदू तिकडे सरकतो, आणि मुख्य शाखाही इतरांसारखीच एक शाखा होते.

दुकानापासून गोदाम दीडशे मीटर आहे. मध्ये एक स्विच ठेवून वायर नेऊ का?

नको. तांब्याच्या नेटवर्क वायरीची मर्यादा १०० मीटर: ९० मीटर भिंतीतली आणि १० मीटर दोन्हीकडच्या पॅच कॉर्डची, म्हणजे यंत्राला जोडायच्या छोट्या वायरींची. मध्ये स्विच ठेवून ती वाढवता येते खरी, पण तो स्विच उघड्यावर, पत्र्याच्या पेटीत, वीज कुठून आणणार? फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा आणि तांब्याचा सिग्नल एकमेकांत बदलणारा डबा, लावा. सिंगल मोड, म्हणजे लांब पल्ल्याची फायबर घ्या, अंतराची काळजी पुन्हा करायला नको.

अंतर पन्नास मीटर असलं तरी दोन वेगळ्या इमारतींमध्ये मी फायबरच टाकतो. कारण वळीव. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी वीज कडाडते, ती वायरीवर पडायचीही गरज नसते. जवळपास पडली तरी तांब्यातून झटका येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली तर एरवीही त्रास असतोच. काचेतून वीज जात नाही. फक्त फायबरला स्टीलचं कवच असेल तर ते अर्थ करा, यंत्रापर्यंत नेऊ नका.

वायफाय कोणत्या टोपोलॉजीत मोडतं?

स्टार. मध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, भोवती मोबाइल. दोन मोबाइल शेजारी शेजारी असले तरी त्यांचं बोलणं अ‍ॅक्सेस पॉइंटवरूनच जातं.

बाजारात 'मेश वायफाय' म्हणून तीन डब्यांचा जोड मिळतो. घरात तो बहुतेक वेळा झाडासारखाच वागतो: एक डबा नेटला, बाकीचे त्याच्याकडून मागून घेणारे. मागून घ्यायला आणि तुम्हाला द्यायला एकच रेडिओ असेल तर वेग साधारण निम्मा होतो. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जातच नाही म्हणा. तिथे प्रत्येक डब्याला मागून एक वायर द्या. बिनतारी चांगलं चालावं म्हणून तार ओढा, हे ऐकून लोक हसतात, पण तेच खरं आहे.

घरी येणारी फायबर सरळ कंपनीकडून येते का?

नाही. ती झाडाची फांदी आहे. कंपनीकडून एक फायबर तुमच्या भागात येते, खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो, तो प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. या वाटणीच्या जीपॉन नावाच्या पद्धतीत वरून खाली साधारण अडीच गिगाबिट आणि खालून वर सव्वा गिगाबिट, सगळ्या घरांत मिळून. स्प्लिटरला वीज लागत नाही. म्हणून लाइट गेल्यावर घरातला डबा आणि राउटर छोट्या यूपीएसवर असले, आणि कंपनीकडे बॅकअप असला, तर नेट चालू राहतं.

सोळा कॅमेरे लावायचेत. काही वेगळं बघावं लागतं?

मांडणी स्टारच, पीओई स्विचवरून, म्हणजे वीज आणि चित्र एकाच वायरीतून. एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस धरला तर सोळांचे ६४. रेकॉर्डरकडे जाणारा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर जेमतेम, म्हणून तो गिगाबिटचा घ्या. दुसरा हिशोब विजेचा: प्रत्येक पोर्ट १५.४ वॉट देतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण स्विचचा एकूण आकडा त्या सोळापटीपेक्षा कमी असू शकतो. रात्री सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की शेवटचे दोन कॅमेरे बंद पडतात, आणि सकाळी तपासायला गेलं की सगळं ठीक.

रॅक, म्हणजे स्विच आणि सर्व्हरचं कपाट, कुठे ठेवायचा?

हा प्रश्न पुण्यात कोणी विचारत नसेल. सांगलीत विचारायलाच हवा.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. स्टारमध्ये सगळ्यांचा जीव एका डब्यात असतो आणि आपण तो डबा जिन्याखाली ठेवतो, कारण तिथे कोणाला अडचण होत नाही. २०१९ नंतर मी जिन्याखालून गाळाने भरलेले इतके स्विच काढले की आता नदीकडच्या भागात तळमजल्यावर रॅक लावायला मी सरळ नकार देतो. पहिला मजला, तोही जमिनीपासून वर. खालच्या वायरी भिजतील. त्या नंतर बदलता येतात. वरचा स्विच आणि सर्व्हर कोरडे राहिले तर पाणी उतरल्यावर दोन टेबलं मांडून कामाला लागता येतं.

वायरी ओढून झाल्या. कोणती कुठे गेली ते कसं लक्षात ठेवायचं?

दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि तो वायरीवर थेट स्केचपेनने नाही, वर्षभरात पुसतो. छापील पट्टी लावा, वर पारदर्शक नळी चढवा. नकाशा कागदावर काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो.

अजून एक. वायरीचं खोकं ३०५ मीटरचं असतं आणि वायरीच्या कवचावर ठरावीक अंतराने आकडा छापलेला असतो. वायर कापताना दोन्ही टोकांजवळचे आकडे वहीत लिहा. वजाबाकी केली की लांबी मिळते. आकडे फुटांत आहेत की मीटरमध्ये तेवढं बघून घ्या. पुढे टेस्टरने "४२ मीटरवर तुटलंय" असं सांगितलं, तर तो भाग जिन्याच्या वळणावर आहे की दिवाणजींच्या कपाटामागे, हे भिंत न फोडता कळतं.